ओम किनाऱ्याची वाट

शाल्मली मूळची पुण्याची. यशवंतपूरला तुंगाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. तिच्या कॉम्प्युटर कंपनीतले पाच जण गोकर्णला निघाले होते, समुद्राच्या कडेकडेने चालायला. कन्नड मात्र एकालाही येत नव्हतं. म्हणून ती खाली आली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही चला ना आमच्याबरोबर!"

तुंगाबाई वर्षापूर्वीच टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या होत्या. "सरी, बरं, येते," म्हणून मोकळ्या झाल्या. पण एकोणसाठ वर्षांत आपण समुद्रच पाहिलेला नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

अठ्ठ्याण्णवचा सप्टेंबर संपत आला होता. गोकर्णात बसमधून उतरले तेव्हा लख्ख ऊन होतं. जांभ्या दगडाचा चढ लागला आणि सर आली. छत्र्या उघडेस्तोवर ती गेलीसुद्धा. माथ्यावर पोचले, तर खाली एकदम समुद्र. तुंगाबाई जागच्या जागी थांबल्या.

"अक्का, गुडघे दुखतायत का?" शाल्मलीने विचारलं.

"गुडघे कुठले! स्वल्प थांब गं. तीस वर्षं मी कारवारचे, कुमठ्याचे ट्रंक कॉल जोडले. समुद्र आज बघतेय."

शाल्मलीने सगळ्यांना तिथेच बसवलं आणि चकल्यांचा डबा उघडला. त्या अर्ध्या तासात कोणी तुंगाबाईंना घाई केली नाही.

ओम किनाऱ्यापाशी आभाळ पुन्हा काळवंडलं. नागपूरचा विनोदकुमार टोळीचा म्होरक्या. हातातला नकाशा भिजून लगदा झाला तरी तो ठामपणे म्हणाला, "इथून खडकांवरून शॉर्टकट आहे. वीस मिनिटांत पुढच्या किनाऱ्यावर."

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा आणि गळ्यात मण्यांच्या माळाच माळा घातलेली एक बाई आली. तुंगाबाईंनी तिला गाठलं. वाट विचारता विचारता तिच्या गाई किती, सून कुठली, हेही विचारून झालं.

"ती म्हणते, भरती चढतेय. खडकांवरून गेलात तर मध्येच अडकाल. वरून पायवाट आहे, हीपण त्याच वाटेने निघालीय," तुंगाबाईंनी सगळ्यांना सांगितलं.

"अक्का, गावातले लोक उगाच घाबरवतात हो," असं म्हणत विनोदकुमार खडकांवर उतरलाही.

दहा पावलं गेला असेल नसेल, लाट कमरेपर्यंत आली. तो आपटला, दोन्ही हातांनी खडकाला चिकटला. लाट ओसरताच तो रांगत परत आला, तेव्हा एक बूट समुद्राने ठेवून घेतला होता.

"लागलं का रे?" तुंगाबाईंनी त्याचा कोपर पुसला. तेवढं खरचटलं होतं. मग त्यांनी पिशवीतून आपल्या जास्तीच्या गुलाबी रबरी चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. भारेवाली पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि तिचं पाहून पहिला विनोदकुमारच खो खो हसला.

वरच्या वाटेने सगळे तिच्या मागोमाग निघाले. पुढे ती आणि तुंगाबाई, गप्पांना खळ नाही; मागे गुलाबी चपला फटफटवत म्होरक्या. अर्ध्या तासात झाडीतून खाली चंद्रकोरीसारखा किनारा दिसला. बाईने बोटाने उतार दाखवला आणि ती आपल्या घराकडे वळली.

उन्हातच पाऊस पडत होता. तुंगाबाईंनी साडी वर खोचली आणि त्या थेट पाण्यात शिरल्या.

"अक्का, चारची बस चुकेल!" शाल्मली ओरडली.

"चुकू दे की! उद्या रविवारच आहे."

विनोदकुमारने कोणाला न विचारताच गावात राहायला खोल्या शोधायचं काम अंगावर घेतलं.