निळ्या गाउनमधली बाई

"कोण आहे ती?" दारात पाऊल ठेवायच्या आधीच डॅफ्नेनं विचारलं.

मर्व्ह पॅस्को हातात किटली घेऊन तसाच उभा राहिला. डॅफ्ने त्याची मेहुणी. तिची बहीण अ‍ॅव्हिस जाऊन अजून हिवाळाही सरला नव्हता आणि सगळ्या बॉथवेल गावात कुजबुज चालली होती. मर्व्हच्या पडद्यामागं, हीटरपाशी, अ‍ॅव्हिसचा निळा गाउन घालून एक बाई बसलेली असते म्हणे. अंगानं भरलेली आहे, डोक्याला अ‍ॅव्हिसचीच लोकरी टोपी आहे आणि बया जागची हलत नाही, इथपर्यंत तपशील पोस्टातून गावात पोचला होता. त्यातच मर्व्हनं दुकानातून गरम पाण्याची दुसरी पिशवी नेली. मग काय, गावानं त्याचं लग्नच लावायचं बाकी ठेवलं होतं.

"ये, भेट तिला," मर्व्ह म्हणाला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस; हुज्जत घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

डॅफ्ने तरातरा आत गेली. ठेंगण्या स्टुलावर बिअरचं पिंप होतं. अंगात गाउन, वर टोपी, पोटाशी दोन गरम पिशव्या. येताना रस्ताभर आपण या पिंपाला शिव्या घालत आलो, हे तिनं कबूल केलं, आणि हसू आवरेना म्हणून ती मटकन खालीच बसली.

मर्व्हला मात्र हसू येईना. वसंतात बोल्स क्लबचं, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचं, मैदान उघडतं, त्या दिवशी पॅस्कोंच्या घरची बिअर, हा रिवाज. बिअर मर्व्ह घालायचा, पण हिवाळाभर पिंप उबेत ठेवणं अ‍ॅव्हिसकडे. यीस्टला थंडी बाधली की ते झोपतं आणि बिअर नुसती गोडमिट्ट राहते. यंदा राहू दे, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण या बिअरसाठीचा माल्टचा डबा अ‍ॅव्हिसनं स्वतः आणून ठेवलेला. असा डबा दुकानात केव्हाही मिळाला असता. तिच्या हातचा परत कुठून मिळणार? आणि बिअर आंबतेय हे दाखवणारा एकही बुडबुडा कालपासून झाकणावरच्या नळीत नव्हता.

"बंद पडलं गं," मर्व्ह म्हणाला. अंत्यविधीला कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले. "तिनं इतकी वर्षं सांभाळलं, आणि मला एक हिवाळा जमेना."

डॅफ्नेनं पिंपाच्या तळाला हात लावून पाहिला.

"वरून नटवलंयस एवढं, आणि बूड बघ कसं गारठलंय. अ‍ॅव्हिस पिंपाखाली तुझा तपकिरी स्वेटर घालायची."

"तो तर हरवायचा," मर्व्ह म्हणाला. "दर हिवाळ्यात."

 मग अंगातला स्वेटर काढून त्यानं घडी करून खाली सरकवला आणि कुडकुडत चहा ओतला. डॅफ्ने जेवायलाही थांबली. दिवस कलता कलता नळीत गुळुक झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, न जाणो, परत थांबायचं.

वसंतात क्लबवर बिअर संपली. अगदी अ‍ॅव्हिसच्या वेळेसारखी, असं जो तो म्हणाला. मर्व्हनं घरी येऊन पिंप धुतलं, पुसलं, स्टुलावर ठेवलं. गाउन डॅफ्नेला द्यायचा म्हणून घडी घालून ठेवला होता, तो त्यानं पुन्हा उलगडला. रिकाम्या पिंपाला थंडी वाजत नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं गाउन चढवला, टोपी घातली, आणि रस्त्यावरून दिसेल इतपत पडदा सरकवून ठेवला.