चिऊच्या खोलीत वाळलेले झगे

वहिनीची लाँड्री तळमजल्यावर होती. तिच्या मागच्या खोलीत धाकट्या नणंदेने, चिऊने, मायनिंगची चार कॉम्प्युटर-मशिनं आणून मांडली होती. दिवसभर नुसती घरघर, आणि खोली भट्टीसारखी तापलेली.

"कसलं खोदकाम चालवलंयस गं?" एका सकाळी वहिनीने कंबरेवर हात ठेवून विचारलं. "मायनिंग म्हणजे खाणकाम ना? मग माती कुठाय?"

चिऊने हसत कपाटातून चार फासे काढले. "फेक. चारही सहा पडले की जिंकलीस."

वहिनीने फेकले. पुन्हा फेकले. मग बाह्या सरसावून फेकत सुटली. "डोकं लढवून काही होत नाही का यात?"

"अजिबात नाही. फेकत राहायचं, बस. पडले की मात्र कुणालाही एका नजरेत कळतं. माझी मशिनं हेच करतात, न दमता. म्हणून तर तापतात."

"पण कशासाठी?"

"जगभर लोक एकमेकांना डिजिटल नाणी पाठवतात. त्या व्यवहारांचा एकेक गठ्ठा बांधतात, तो ब्लॉक. त्यावर शिक्का बसायला एक नेमका आकडा सापडावा लागतो. ज्याला आधी सापडेल, त्याचा गठ्ठा बाकीचे तपासतात आणि आपापल्या नोंदीला जोडतात. त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी. मी एकटी कुठली जिंकायला! आमचा गट आहे, कुणालाही सापडला की वाटून घेतो."

"आणि मागची नोंद कुणी गुपचूप बदलली तर?"

वहिनीच्या खांद्यावर गिऱ्हाइकाचा स्वेटर होता. चिऊने त्याचा खालचा काठ धरला. "इथला एक टाका बदलायचा तर वरचं सगळं उसवून पुन्हा विणावं लागेल ना? तसंच. प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्याची खूण विणलेली असते. तू उसवत बसशील तोवर बाकीचे कितीतरी पुढे गेलेले! शिवाय खऱ्या नोंदीची नक्कल हजारोंकडे असते. तुझी बनवाबनवी कोण मानणार?"

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "म्हणजे सगळेच पहारेकरी."

इतक्यात नाटक कंपनीचे मॅनेजर धापा टाकत आत आले. मागून दोन नट, हातात ओल्याचिंब कपड्यांचे ढीग.

"ताई, वाचवा! थिएटरातला पाइप फुटला. राजापासून द्वारपालापर्यंत सगळे भिजले, आणि संध्याकाळी प्रयोग!"

वहिनीचा चेहरा पडला. ड्रायर कालपासून बंद होता आणि मेकॅनिकचा पत्ता नव्हता. बाहेर ऊनही नव्हतं. तिने चिऊकडे पाहिलं, चिऊने मागच्या खोलीच्या दाराकडे. दोघी एकदमच उठल्या.

मशिनांपासून लांब, गरम हवेचा झोत जाईल तिथे त्यांनी दोऱ्या ताणल्या. झगे पिळून टांगले. राजाच्या मखमली झग्यावर दोरीचा वळ उमटू नये म्हणून तो मॅनेजर स्वतः दोन्ही हातांनी उंच धरून उभे राहिले. घामाघूम झाले, पण हलेनात. दुपार सरेपर्यंत सगळं खडखडीत वाळलं. वहिनीने भराभर इस्त्री मारली.

संध्याकाळी दोघींना पहिल्या रांगेत बसवलं. राजा थाटात सिंहासनावर बसला तेव्हा वहिनीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की तो संवाद विसरला आणि तिच्याकडे बघून हसला. सगळं थिएटर खदखदून हसलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने गवंड्याला बोलावून मधल्या भिंतीत मोठा झरोका पाडून घेतला. आता गरम हवा थेट लाँड्रीत येते. आवाजही येतो, पण वहिनी त्याच्या तालावर गुणगुणत इस्त्री करते आणि अधूनमधून ओरडून विचारते, "चिऊ, सापडला का गं आकडा?"