बुधवारची नाव

शिवनाथेच्या घाटावर 'मैनाबाईची नाव' एवढं म्हटलं की दुर्ग स्टेशनावरचा कुठलाही टांगेवाला पुढचा पत्ता विचारत नसे. वीस माणसं पाय पसरून बसतील अशी ती नाव होती. देवाजीनं, म्हणजे मैनाबाईच्या नवऱ्यानं, दोन उन्हाळे खपून ती बांधली होती. देवाजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात एका ठेकेदाराकडे खलासी होता. साखळ्या आणि दोर लावून टनावारी लोखंड उंच चढवायचं, असं त्याचं काम. त्यामुळे नाव बांधली त्यानं, पण चालवायची ती मैनाबाईच. पवनीकडच्या एका नावाड्याची ती एकुलती एक लेक. बापानं पोरगी म्हणून तिच्या हातातलं वल्हं कधी काढून घेतलं नव्हतं आणि लग्नानंतर देवाजीलाही ती हिंमत झाली नव्हती.

पाऊस सरला की दर इतवारी भिलाईच्या सेक्टरांतली, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतली, माणसं बसनं दुर्गला यायची. बंगाली, मद्रासी, पंजाबी, आपले नागपूर-भंडाऱ्याकडचे, आणि कधीमधी फुलाफुलांचे झगे घातलेल्या कारखान्यातल्या रशियन साहेबांच्या बायाही. घाटावरून निघायचं, वळणापुढच्या रेतीच्या बेटापर्यंत जायचं, तिथं पोरांना घटकाभर हुंदडू द्यायचं आणि परत यायचं. भाडं आठ आणे. मांडीवर बसणारं पोर फुकट. चार वर्षांत या भावात पैशाचाही फरक पडला नव्हता, आणि मैनाबाईला या गोष्टीचा नावेइतकाच अभिमान होता.

मग सासष्ट साल आलं. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान महागलं होतं, रुपयाची किंमत उतरली म्हणून चहाच्या टपरीवर माणसं तावातावानं बोलत होती. त्यात कारखान्याचं वाढीव बांधकाम संपत आलं. भट्टी उभी राहिल्यावर ती उभी करणाऱ्याचं काय काम? ठेकेदारांनी छटनीच्या, म्हणजे माणसं कमी करायच्या, याद्या लावल्या. दिवाळीनंतरच्या यादीत देवाजीचं नाव होतं. तो गेटपास जमा करून घरी आला, हातपाय धुतले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

"कोनाले सांगू नको," एवढंच म्हणाला.

"यादी फाटकावर लागली ना? मंग मी कोनाले सांगाचं राह्यलं?" मैनाबाई म्हणाली. पण तिनं पुढं काही ताणलं नाही.

आता घर नावेवर आलं, आणि नेमकी नाव रिकामी जायला लागली. ज्यांची नोकरी पक्की होती तेही हात आखडून होते. वीसच्या जागी बारा यायचे, मग नऊ. घाटावर दुसरी नाव होती गुलाबरावांची. दुर्गच्या बाजारात त्यांचं लाकडाचं दुकान, नाव चालवायला त्यांनी तेजराम नावाचा माणूस ठेवलेला. एका इतवारी तेजराम घाटावर उभा राहून ओरडायला लागला, "चार आने! चार आने में पूरी सैर!"

मैनाबाईच्या पायरीवर आलेली माणसं तिच्या डोळ्यांदेखत तिकडं वळली.

पुढच्या इतवारी तिनंही चार आणे केले. नाव भरली. त्याच्या पुढच्या इतवारी तेजरामनं तीन आणे पुकारले आणि तीसतीस माणसं कोंबली. मैनाबाईनंही तीन आणे म्हटलं. त्या दिवशी आनंदराव आले. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते, नागपूरकडचे, महिन्यातून एकदा बायकोला, रत्नमालाबाईंना, घेऊन न चुकता यायचे. स्वभावानं सरळ माणूस, पण शब्द तोलून टाकणारा.

"मैनाबाई, एक इचारू?" ते म्हणाले. "मागच्या महिन्यात तुमी आमच्याकडून आठ आने घेतले. आज तीन सांगून राहिल्या. मंग तवा जास्त घेतले का आता नावेत काही कमी झालं?"

मैनाबाई वाकून नावेचा दोर उगाच आवळू लागली.

"आज राहू द्या," आनंदराव हसत बायकोला म्हणाले, "पुढच्या इतवारी अजून उतरन." आणि खरंच, दोघं घाटावरून माघारी गेली.

ते हसणं तिला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं चार परत दिल्या असत्या. घरी आल्यावर भात टाकता टाकता ती एकदम देवाजीकडे वळली.

"अवो, आपन चुकलो."

"कावून?"

"भाव उतरवला की मानूस येत नाई, तो वाट पाह्यते. आज तीन, उद्या दोन. अन् जो आधी आठ देऊन गेला त्याले वाटते आपल्याले फसवलं. आपली नाव काय सांजची उरलेली भाजी हाय?"

"मंग आठ आनेच ठेवतं का? रिकामी नाव घेऊन जाशील?"

"तेच तं. घाट सोडला का रिकामी जागा पान्यात गेली, ते परत कोनाले इकता येत नाई. हे बी खरं." ती पळी हातात धरून उभी राहिली. भात खाली लागल्याचा वास आला तेव्हा भानावर आली.

दोन दिवस तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं देवाजीला सांगितलं ते असं: इतवार आठ आण्यांचाच. मात्र बेटावर चूल पेटवायची, माणसागणिक पोहे अन् चहा द्यायचा. पैसे कमी करायचे नाहीत, पदरात जास्त घालायचं. आणि बुधवारी दोन आणे. पण बुधवार इतवारवाल्यांचा नाही. छटनीत नाव लागलं असेल त्यांचा आणि त्यांच्या बायकापोरांचा.

"दोन आने?" देवाजी उठूनच बसला. "मेहनत तेवढीच ना?"

"बुधवारी नाव कुठं जाते? खुंटीलेच बांधली राह्यते. अन् मेहनत तुमी करा. घरी बसून भिंत पाहून राहिले, तेवढीच नदी पाहा."

"पोटाची भ्रांत हाय त्याईले. ते कशाले नावेत बसतीन?"

मैनाबाईलाही ते नक्की ठाऊक नव्हतं. पण पहिल्या बुधवारी अकरा जण आले, दुसऱ्या बुधवारी नाव भरली. ती सगळी गावाकडं परत निघालेली माणसं होती. कोणी बालाघाटचे, कोणी साकोलीचे. पाच-सहा वर्षं भिलाईत काढलेली, पण कामावरून झोपडीत आणि झोपडीतून कामावर यापलीकडे काही न पाहिलेली. जाताना दोन आण्यांत पोरांना नदी दाखवून न्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. देवाजी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मान वर करीना. मग कोणीतरी म्हणालं, "देवाजीभाऊ, तुमचं बी नाव लागलं का?" आणि तो नुसता "हो" म्हणाला. महिन्याभरानं पहिल्यांदा तो हे कोणाला तरी बोलला होता.

इतवारचं मात्र कठीण चाललं होतं. तेजराम दोन आण्यांवर आला होता. मैनाबाईकडे आठच माणसं, कधी दहा. पण त्यांतलं कोणी भावासाठी घासाघीस करत नव्हतं, आणि पोह्यांवरची झणझणीत तर्री खाऊन एक पंजाबी साहेब कपाळावरचा घाम पुसत पुन्हा ताट पुढं करायचे.

पौषात एक दिवस मैनाबाई बाजारातून परतली तेव्हा देवाजी खुशीत होता. एका मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर जीप घेऊन येऊन गेला होता. दिल्लीचे पाहुणे येणार, त्यांना सांजच्याला नदीवर फिरवायचं, आख्खी नाव पाहिजे. पंचवीस रुपये.

"कोनत्या रोजी?"

"येत्या बुधवारी. मी हो म्हनून देल्लं."

मैनाबाईनं पिशवी खाली ठेवली. "बुधवारी भीमाबाईच्या बाया हायेत, त्या छटनीतल्या घमेलं वाहनाऱ्या रेजा. दुसऱ्याच दिवशी, बेस्तरवारच्या गाडीनं त्या गावाले जाऊन राहिल्या. त्याईले शबुद देल्ला मी."

"त्याईले मंगळवारी ने."

"मंगळवारी त्याईचा हिशोब हाय ठेकेदाराकडं. दिवसभर तिथंच उभ्या राहतीन."

"पंचवीस रुपये वं!" देवाजीचा आवाज चढला. "घरात काय हाय ते पाह्यलं का?"

तिनं पाहिलं होतं. डब्यातले तांदूळ तिनं सकाळीच हातानं चाचपले होते. दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं, बस पकडली आणि विचारत विचारत साहेबांच्या बंगल्यावर गेली. व्हरांड्यात उभं राहून तिनं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की बुधवारी नाव दिलेली आहे, गुरुवारी म्हणाल तितका वेळ आणते.

साहेबांनी पेपर खाली घेतला. "किसको दी है? कितने में?"

"रेजा लोग को. दो-दो आना."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "सारा बाजार मंदा है, और तुम पच्चीस रुपये छोड़ रही हो? इतना घमंड?"

"घमंड नहीं साब. जबान है."

साहेबांनी पेपर पुन्हा उचलला. "ठीक है. दूसरी नाव देख लेंगे." त्यांनी तेजरामची नाव घेतली, तीही पंधरा रुपयांत. मैनाबाई बस स्टँडपर्यंत चालत आली.

बुधवारी भीमाबाई आपल्या चौदा बाया घेऊन आली. मराठी, छत्तीसगढी, सगळ्या मिसळलेल्या. धुतलेली लुगडी, केसांना तेल, दोघी-तिघींच्या कडेवर पोरं. सिमेंटनं हात फाटलेले, तळव्यांना खरखरीत घट्टे. नावेत चढताना सगळ्या एकमेकींना धरून किंचाळत होत्या. भीमाबाई मात्र शांतपणे पुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "पाच वर्सं डोक्यावर घमेलं होतं. आज पयल्यांदा कोनी मले वाहून नेऊन राहिलं."

मैनाबाईनं सुकाणू धरलं, देवाजी वल्ह्यावर. पंचवीस रुपयांवरून तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. वळण ओलांडलं, बेटावर पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. बाया रेतीच्या उंचवट्यावर चढल्या. पूर्वेला, दुर्गच्या घरांच्या आणि झाडांच्या वर, लांबवर कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या. अंधारायला लागलं तसं त्यांच्यामागचं आभाळ तांबडं झालं. भट्टीतल्या लोखंडाचा तापलेला मळ ओतला की असं व्हायचं; आधी फिकट, मग शेंदरी, मग थेट पेटल्यासारखं.

"ते आपलंच व माय?" एका तरण्या बाईनं विचारलं. आत राबताना हे असं एका नजरेत तिला कधी दिसलंच नव्हतं.

देवाजी वल्हं टेकवून उभा होता. तो एकाएकी पुढं आला. "ते डावीकडची चिमनी पाहून राहिली ना? तिचं सर्वांत वरचं लोखंड मी चढवलं. उंच इतकं का खालची मानसं मुंग्यांवानी दिसे, अन् वारा असा का दोर हातातून सुटू पाहे. तीन घंटे आमी सात जन लटकून होतो."

"अन् तिच्या खालचं काँक्रीट कोनं भरलं?" भीमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दोन दिवस अन् दोन राती, थांबाचं नाई म्हने, थांबलं तं पाया फाटन. माझी पोरगी बाजूले पाळन्यात रडे अन् मी घमेले वाहे. आमचा पाया नसता तं तुमी कशावर लटकले असते भाऊ?"

सगळ्या हसल्या. देवाजीही हसला, पोट धरून हसला. मग प्रत्येकीला आपलं काहीतरी दाखवायचं होतं. ही तिकडची भिंत, ती पाण्याची टाकी, तो रुळाखालचा भराव. छत्तीसगढी बायांचं निम्मं बोलणं देवाजीला कळत नव्हतं, तरी तो मान डोलावत होता. आभाळाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर पडला होता. मैनाबाई नावेजवळच उभी होती. तिला वाटलं, दिल्लीचे पाहुणे आज आपल्या नावेत असते, तर हे त्यांना कोणीच सांगू शकलं नसतं.

परतताना देवाजी वल्हं मारता मारता हळूच म्हणाला, "मैना, तू बरोबर केलं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि सुकाणू जरा जोरातच वळवलं.

फाल्गुनापर्यंत इतवारची माणसं पुन्हा वाढली. दोन आण्यांच्या नावेत उभं राहून, पाय भिजवून कंटाळलेली माणसं बायकापोरांना घेऊन मैनाबाईकडे यायला लागली. एका इतवारी आनंदराव आणि रत्नमालाबाई आले. आनंदरावांनी न विचारता दोघांचा रुपया पुढं केला. "भाव तोच हाय ना?" "तोच हाय," मैनाबाई म्हणाली.

गुलाबरावांचं गणित मात्र बसेना. दोन आण्यांत नावेची डागडुजीही निघत नव्हती, आणि भाव वाढवला की माणसं ओरडत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, नदी दुथडी भरून वाहिली, आणि दसऱ्याच्या आत ते स्वतः मैनाबाईच्या दारात आले.

"बाई, माझी नाव तुमी चालवा," ते म्हणाले. "निम्मे तुमचे, निम्मे माझे. तेजराम तुमच्या हाताखाली राहीन."

"भाव मी ठरवीन," मैनाबाई म्हणाली.

"ठरवा."

"वीसच्या वर मानूस बसनार नाई."

"नका बसवू."

"अन् बुधवारी दोनी नावा दोन आन्यात."

गुलाबरावांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजीला आठच दिवसांपूर्वी कारखान्यात पक्क्या नोकरीवर बोलावणं आलं होतं, खलासी म्हणूनच. तो ओसरीवर नव्या बुटांना तेल लावत बसला होता. त्यानं मान वर केली.

"माझ्याकडं काय पाहता, भाऊ?" तो म्हणाला. "नाव बाईची हाय."