दारांवरच्या जाळ्या

अंबिकाबाईंनी सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावरच अडवलं. हात पदराला पुसत त्या एक मजला खाली उतरून आल्या आणि जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभ्या राहिल्या. खाली दहा-बारा माणसं माना वर करून जिन्यातल्या गोल खिडकीचे फोटो काढत होती. त्यांच्या पुढे होती प्राची, अंबिकाबाईंच्या नणंदेची मुलगी.

"प्राची, सांगितलंयस ना सगळ्यांना?"

"हो गं मामी. इमारत पाडणार हा विषय काढायचा नाही. खाली गेटवरच सांगितलंय."

"टॉवरचं नाही, भाड्याच्या जागेचं नाही."

"कशाचंच नाही. पण मामी, तू मामाला सांगणार तरी कधी? शनिवारी टेम्पो येणार ना?"

"सांगते," अंबिकाबाई म्हणाल्या. गेले कित्येक दिवस त्या हेच म्हणत होत्या.

प्राची आर्किटेक्ट. दर रविवारी हौशी लोकांना घेऊन ती दादर-माटुंग्यातली जुनी घरं दाखवत हिंडायची. जुनी म्हणजे काही पेशव्यांच्या वेळची नव्हेत. चाळीस-पन्नास सालातली, गोल गॅलऱ्यांची, खिडक्यांवर लांब छज्जे असलेली, दादरकरांनी रोज पाहिलेली आणि कधीच न पाहिलेली. 'अरुणोदय' त्यातलीच एक. पण आता तिच्या छज्ज्यांतून सळया बाहेर आल्या होत्या, गच्चीखालच्या घरांत छताचे पोपडे ताटात पडत होते आणि लिफ्ट तर मुळात नव्हतीच. सगळ्या बिऱ्हाडांनी बिल्डरला सह्या दिल्या होत्या. राहिलं होतं तिसऱ्या मजल्यावरचं एकच घर.

ते घर होतं रामचंद्र मास्तरांचं, म्हणजे अंबिकाबाईंच्या यजमानांचं. मास्तरांचे वडील गिरणीत जॉबर, कामगारांवरचे मुकादम. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतून त्यांनी बिऱ्हाड इथं आणलं तेव्हा मास्तर शाळकरी पोर होते. पहिल्या दिवशी ते दिवसभर आतल्या खोलीत जाऊन परत बाहेर येत होते म्हणे, कारण एका घरात दोन खोल्या असतात हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. पुढं शाळेत चित्रकला शिकवताना त्यांनी या घराची किती चित्रं काढली असतील त्याला गणती नाही. "हा पोरगा घर विकून रंग आणील," म्हणून सासऱ्यांनी जागा थेट सुनेच्या नावावर केली. त्यामुळे सहीचा हक्क अंबिकाबाईंचा.

"मी असेपर्यंत नाही," मास्तर म्हणाले होते. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. चार जणांनी खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले खाली उतरवलं, आणि पुन्हा तसंच वर आणलं. त्यानंतर अंबिकाबाईंनी गुपचूप सही केली. घरात वाईटसाईट कुणी बोललं की मास्तर लगेच टोकायचे, "जपून बोल, वास्तू तथास्तु म्हणत असते." अशा माणसासमोर घर पाडायची गोष्ट काढायची तरी कुठल्या तोंडानं?

मंडळी वर आली. चपला काढून, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मास्तर गॅलरीशेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. डावा हात मांडीवर पडलेला, पण उजवा नुसता नाचत होता.

"ही लादी बघा. मोझॅक. आणि भिंत जमिनीला मिळते तिथं बघा, कोपराच नाही. गोलाई आहे. कचरा अडतच नाही. ज्यानं हे घर काढलं ना, त्यानं स्वतः कधीतरी केर काढला असणार."

माणसं हसली. स्वयंपाकघरात पेले मांडता मांडता अंबिकाबाई पुटपुटल्या, "केर काढून माझी कंबर गेली, आणि कौतुक त्याचं."

पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. झटक्यानंतर मास्तर एवढे बोललेच नव्हते. गॅलरीच्या ग्रिलमधला उगवता सूर्य, जहाजावरच्यासारखा जिन्याचा कठडा, एकेक गोष्ट ते नव्या नवरीचे दागिने दाखवावेत तशी दाखवत होते. "नीट बघून घ्या," मधूनच म्हणत होते. "फोटो काढा, भरपूर काढा."

"आणि दारांवर हे काय आहे?" आकांक्षा नावाच्या एका मुलीनं विचारलं.

"हां. ही खरी गंमत. प्रत्येक दारावर लाकडी पट्ट्यांची जाळी आहे. समुद्राचा वारा गॅलरीतून आत येतो, या जाळीतून मधल्या खोलीत, तिथून पुढच्या जाळीतून स्वयंपाकघरात. दारं बंद असली तरी वाऱ्याला वाट आहे."

"मग आवाज पण जात असेल."

"येतो ना. त्याच वाटेनं, उलटा. जा, स्वयंपाकघरात जा, दार लावून घे आणि अगदी हळू काहीतरी बोल. मी इथून सांगतो."

आकांक्षा हसत आत आली. तिनं दार लावलं आणि फ्रीजच्या बाजूला उभी राहून, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "काकू, सरबताचा रंग काय सुंदर आलाय."

"येणारच," बाहेरून मास्तरांचा आवाज आला. "तिच्या माहेरची सोलं आहेत."

बाहेर टाळ्या पडल्या. मुलगी दार उघडून पळाली. अंबिकाबाई हातात कोकमाचा तांब्या घेऊन होत्या तिथंच राहिल्या.

ती मुलगी उभी होती त्याच जागी उभं राहून त्या रोज दुपारी ठाण्याला केतनला, त्यांच्या मुलाला, फोन करायच्या. मास्तरांचा डोळा लागला की दार लावून, पदर तोंडाशी धरून, हळू आवाजात. सही केल्याचं इथूनच सांगितलं होतं. अँटॉप हिलची भाड्याची जागा इथूनच ठरली. आणि परवा, मास्तरांना न्हाऊ घालताना दोघंही पडता पडता वाचले, तेव्हा रडत रडत इथूनच त्या म्हणाल्या होत्या, "मी थकले रे केतन. हे घर आणि हा माणूस, दोन्ही माझ्यानं आता ओढवत नाही."

सरबताचा ट्रे प्राचीनं येऊन नेला. बाहेर पेले वाजले, आभार मानून झाले, चपला घालताना गलका झाला, आणि मग सगळे खाली उतरून गेल्याचे आवाज आले. प्राची "येते गं मामी" म्हणाली, तिला काय उत्तर दिलं ते अंबिकाबाईंना कळलंही नाही.

घर शांत झालं. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर जाऊन मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांच्यानं होईना. कितीतरी वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग नेहमीसारख्याच हळू म्हणाल्या,

"अहो, सही मी केली."

खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"ठाऊक आहे गो," मास्तर म्हणाले.

"आणि परवा केतनला जे बोलले..."

"तेही ऐकलं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. आणि त्यात खोटं काय आहे? या घराचा जिना आणि मी, दोघांनी मिळून तुझा जीव खाल्ला."

अंबिकाबाईंनी तोंडाशी पदर धरला. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मग बोलला का नाहीत इतके दिवस? मी झुरत होते इथं."

"दार तू लावून घेत होतीस. मला वाटलं, तुला तेवढी एक जागा असू दे."

खुर्ची करकरली. उठायचा प्रयत्न करत असणार, आणि जमलं नसणार. मग पुन्हा त्यांचा आवाज आला, जरा दमलेला.

"अंबिका, त्या अँटॉप हिलच्या जागेत दारांवर जाळ्या आहेत काय गो?"

"नाहीत. साधी दारं आहेत."

"मग तिथं दार लावून रडू नको. मला ऐकू यायचं नाही."