खाटकाच्या थंड खोलीतली पैज

माझी थोरली बहीण ओतिलिया जानेवारीपासून जेवताना मिनेसोटाचं हवामान मोठ्याने वाचून दाखवत होती. "आज वजा वीस! टॉर्टिया वाढू का?"

कारण तिचा मुलगा, एलिसेओ. पोरगा बेसबॉलमधला पिचर आहे आणि चेंडू असा फेकतो, की समोरचा आधी बॅट फिरवतो आणि मग विचारतो, गेला कुठे. त्याला दोन कॉलेजांनी बोलावलं होतं. घरापासून दहा मिनिटांवरच्या कॉलेजात जागा होती, पण बाकावर. दोन वर्षं दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मिनेसोटावाले पहिल्याच वर्षी मैदानात उतरवणार होते आणि फीसुद्धा माफ. फक्त तिकडे एप्रिलातही बर्फ पडतं, आणि कागदावर आईची सही हवी होती, सोमवारपर्यंत.

"तिथे बोटं गळून पडतात," ओतिलियाने सांगून टाकलं. "बोटं नसलेला पिचर घेऊन ते काय करणार?"

"आई, तिकडेही माणसंच राहतात."

"राहू देत की! आपण टेक्सासच्या तळाशी राहतो. आपलं रक्त पातळ असतं."

तिकडचा कोच फोनवर म्हणाला होता, एप्रिलमधला सामना म्हणजे खाटकाच्या थंड खोलीत खेळल्यासारखं. माझं मटणाचं दुकान आहे. मी आपला बोलून गेलो, "खोली आहे की माझ्याकडे!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी दुपारची पैज ठरली. एलिसेओने अर्धा तास थंड खोलीत उभं राहायचं आणि मग पंधरा चेंडू टाकायचे. दहा स्ट्राइक पडले, म्हणजे दहा चेंडू नेमक्या जागी गेले, तर सही, नाहीतर घराजवळचं कॉलेज. खोली लांबीला बारा फूट, आणि चेंडू टाकायला हवेत साठ. म्हणून मागचं दार सताड उघडं ठेवावं लागलं. पोरगा आत, टांगलेल्या डुकरांच्या मधोमध. आणि ओतिलिया बाहेर अंगणात, भर उन्हात ग्लव्ह घालून उकिडवी. तो सात वर्षांचा असल्यापासून त्याचे चेंडू तीच झेलते. सगळा गारवा गल्लीत चालला होता आणि इकडे माझा जीव खालीवर होत होता.

"ओतिलिया, आटप लवकर! माझ्या मटणाला घाम फुटलाय!"

"गप रे रूफिनो. अंपायर मी आहे."

तेही खरंच. दर रविवारी ती लहान मुलांच्या सामन्यांत अंपायर असते आणि नियमापुढे पोटच्या पोरालाही ओळखत नाही. एलिसेओला एक वाईट खोड आहे, चेंडू टाकण्याआधी हात तोंडाशी न्यायची. चेंडूला थुंकी लागते म्हणून ते चालत नाही. तसं केलं की चेंडू फुकट जातो.

चौदा चेंडूंत नऊ स्ट्राइक झाले. उरला एक. पोराची बोटं जांभळी पडली होती. त्याने हात तोंडाशी नेला, जोरात फुंकर मारली आणि चेंडू टाकला. अगदी मधोमध.

"हात तोंडाला!" ओतिलिया ओरडली. "नाही धरणार!"

पैज गेली. पोरगा भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. "बरोबर आहे, आई," एवढंच म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

त्याला ओढून आणायला ओतिलिया आत शिरली, तशीच, बिनबाह्यांच्या झग्यात, घामाने निथळत. मी संधी साधली आणि मटणापायी दार लावून टाकलं. खुशाल शिव्या द्या मला. दाराच्या काचेतून पाहिलं तर दोघं समोरासमोर उभी. ती थरथरायला लागली. मग तिचा हात आपोआप तोंडाशी गेला आणि तिने फुंकर मारली. स्वतःच्याच हाताकडे ती बघत राहिली.

दार धाडकन उघडलं.

"थंडीत फुंकर चालते!" ती माझ्यावरच खेकसली. "अंपायरने परवानगी दिली तर! नियमातच आहे!" मग पोराकडे वळली. "पण ती सामन्याआधी मागायची असते, गाढवा. का नाही मागितलीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

ओतिलियाने ग्लव्ह काढून काखेत मारला.

"मग आता माग," ती म्हणाली.

पोराने फुंकरीबद्दल विचारलंच नाही. "जाऊ का, आई?"

दात वाजवतच तिने मटण तोडायच्या ओट्यावर तो कागद पसरला आणि सही केली.

सोमवारी कॉलेजातून फोन आला. सही फार वाकडीतिकडी दिसते, ती नक्की आईचीच आहे ना?

"आईचीच आहे," ओतिलिया म्हणाली. "थंडी वाजत होती."