अकरा सेकंदांच्या पायऱ्या

श्यू सरांच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टींवर शंका घ्यायची नसते. एक सर, आणि दुसरं यंत्रावरचं हिरवं पाकीट. इथे तैवानमधल्या शिंचूत महागड्या यंत्रावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं. पिवळं चालत नाही, मुदत संपलेलं तर नाहीच. आम्ही पडलो विज्ञानाचे लोक, त्यामुळे नियम काटेकोर पाळतो.

माझं काम सिलिकॉनवर सोन्याचे कण बसवायचे, पाच नॅनोमीटरचे, आणि एकेका कणातून वीज कशी जाते ते सुईने मोजायचं. व्होल्टेज वाढवत नेलं की आलेखात पायऱ्या दिसायच्या.

"एकेक इलेक्ट्रॉन रांगेने कणावर चढतोय," सर खूश होऊन म्हणाले. "ई-रू, शुक्रवारी हेच दाखव. प्रबंधावर सही करतो."

मंगळवारी मी व्होल्टेज निम्म्या वेगाने वाढवलं. इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या असत्या तर तेवढ्याच राहिल्या असत्या, पण त्या दुप्पट झाल्या. दर अकरा सेकंदांनी एक. इलेक्ट्रॉन इतका वक्तशीर असेल, तर त्याला रेल्वेत नोकरी द्यायला हवी.

मग वर पाहिलं. एसीची झडप अकरा सेकंदांत एक फेरी मारत होती. वाऱ्याने फुगीर पाकीट डुलायचं, त्याचा चंदेरी कागद सुईच्या तारेजवळ यायचा आणि मोजमाप उडी मारायचं.

"ताई, पाकीट काढू?" मी विचारलं.

पेइ-जुंग ताई माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. "काढ की. यंत्राचा पंप बसला तर दुरुस्तीला तूच उचलून ने. ऐंशी किलोचा आहे."

काढलं. पंप चालूच राहिला, पायऱ्या मात्र गेल्या. उरली एक साधी वाकडी रेघ. पण प्रवाह पुस्तकातल्या गणितापेक्षा कितीतरी जास्त, कारण कण लहान असला की त्याच्याखालचा, विजेच्या वाटेतला अडथळाही पातळ होतो.

शुक्रवारी सरांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. "पायऱ्या कुठे गेल्या?"

"पाकिटात होत्या, सर." मी अकरा सेकंदांचा सगळा प्रकार सांगितला.

सरांनी पाकीट मागवलं आणि मागची तारीख वाचली. "मागच्याच महिन्यात मुदत संपलीय. मग काय होणार?"

"नवीन आणते," ताई म्हणाली.

"सगळं पुन्हा मोज, ई-रू. सहीचं सहा महिन्यांनी बघू."

"पण सर, ही रेघ खरी आहे."

"खरी आहे ना? मग ती कुठे पळून जातेय?"

नवीन पाकीट आता शेजारच्या कपाटावर असतं, तारेपासून सव्वा मीटर. अंतर मी तीनदा मोजलंय. मुदतही वहीत लिहून ठेवलीय.