लेलँड दरीत उतरला

“वरूनच बघून जाणार? मग म्हाताऱ्यांच्या सहलीच्या बसनंच यायचं होतंस,” ऑर्व्हल म्हणाला.

कठड्याला टेकलेला लेलँड हसला. खाली लाल-केशरी सुळके दाटीवाटीने उभे होते. कड्याच्या सावलीत अजून बर्फ होता.

“उतरू की, दादा. पण सावकाश हं. तुझे पाय म्हणजे खेचराचे.”

ऑर्व्हल एकतीस वर्षं याच राष्ट्रीय उद्यानात पायवाटा दुरुस्त करत होता. हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठायचं, कडे फुटायचे, आणि वसंतात तो आणि त्याची माणसं दरड उपसून वाट मोकळी करायची. आईच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं त्यानेच केलं. लेलँड समुद्रकाठच्या शहरातून थेट दफनाला आला. “पाहुण्यासारखा आलास, पाहुण्यासारखा जा,” असं ऑर्व्हल तेव्हा बोलला, आणि धाकटा भाऊ खरंच गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली.

काल तो न कळवता दारात उभा राहिला होता.

वाट नागमोडी वळणं घेत उतरत होती. एका सुळक्यापाशी लेलँड थबकला. “दादा, हे तर आपल्या चर्चचे बिशप! नाक बघ. प्रार्थनेत डुलकी लागली की असेच बघायचे.”

“तुझ्याकडेच बघायचे. मी जागा असायचो.”

दोघं खळखळून हसले. तळाशी पाइनच्या सावलीत बसल्यावर लेलँड हळूच म्हणाला, “परत यावं म्हणतोय. आईचं घर रिकामंच आहे ना?”

ऑर्व्हलला आनंद झाला होता. पण तोंडून भलतंच निघालं. “तुला झेपणार आहे का इथं? आधी ही चढण चढून दाखव.”

आणि तो पुढे निघाला, मागे न बघता. चौथ्या वळणावर वळून पाहिलं, तर मागे कुणी नव्हतं. तो धावत खाली आला. लेलँड कड्याला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते.

“दोन वर्षांमागं हृदयाच्या ऑपरेशनला छाती उघडली होती,” तो धापा टाकत म्हणाला. “डॉक्टर म्हणाले होते, उंचावर जाऊ नका.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू म्हणाला असतास... आजारी पडल्यावर घर आठवलं.”

ऑर्व्हलने कमरेचा वॉकीटॉकी काढला. तो अगदी हेच म्हणाला असता.

वॉकीटॉकीवर निरोप जाताच त्याचीच माणसं अरुंद वाटेवर ढकलायचं एका चाकाचं स्ट्रेचर घेऊन आली. पुढचा दांडा ऑर्व्हलने धरला, तो वर येईपर्यंत कुणाला दिला नाही.

लेलँड वाचला. पण खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं, ऑर्व्हलच्या गावाची उंची या हृदयाला चालायची नाही. चौथ्या दिवशी लेलँडची मुलगी जॅनाली त्याला न्यायला आली.

“नाताळात मी येतो तुझ्याकडे,” ऑर्व्हल म्हणाला.

“ये. पण तिकडं सगळं सपाट आहे, दादा. तुला करमायचं नाही.”

जॅनाली कागदांवर सह्या करायला गेली. इस्पितळाने लेलँडचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. त्यांच्या तळांत लाल माती घट्ट बसली होती. ऑर्व्हलने चाकू काढला, पण माती खरवडली नाही. चाकू मिटून खिशात टाकला. लेलँडच्या व्हीलचेअरसमोर गुडघे टेकून त्याने भावाच्या पायांत बूट चढवले आणि नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या.